जुन्या इथिओपियन तलवारीचा कारागीर आणि व्यापारी कसा शोधावा

माझे वडील १९६०च्या दशकात इथिओपियातील एका शाळेत गणित शिकवत होते. परतताना त्यांनी लाल चामड्याच्या म्यानातील एक तलवार आणली आणि ती चाळीस वर्षे आमच्या कपाटाच्या माथ्यावर पडून राहिली. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली, तेव्हा ती कोणी घडवली आणि कोणी विकली, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. महिनाभरात उत्तर मिळेल असे वाटले होते, पण सहा वर्षे गेली. त्यातली निदान तीन वर्षे मी चुकीचा प्रश्न विचारत असल्यामुळे वाया गेली, आणि ती इतरांची जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

माझी चूक अशी होती की मी एका कारागिराचे नाव शोधत होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इथिओपियन तलवार बहुधा एका हातची नसते. पाते जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये घडलेले असते, त्यावरचा अम्हारिक (इथिओपियाच्या राजभाषेतला) मजकूर तिथेच मागणीप्रमाणे कोरलेला असतो, ते एडन किंवा जिबूती या बंदरांमार्गे एखाद्या पेढीने आणलेले असते, आणि मूठ व म्यान मात्र इथिओपियात तयार झालेले असते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडे युरोपीय पात्याला देशी मूठ बसवून केलेल्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत आणि तिचे पाते कुठले, मूठ कुठली हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे जाणकार गृहीतच धरत. तीच शिस्त इथे लागू करायची आहे.

१. आधी कायद्याची बाजू तपासा

शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतात असेल तर ती परदेशी बनावटीची असली तरी पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ तिला लागू होऊ शकतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘तपासणीसाठी तलवार पाठवा, परत करू’ असे कोणी परदेशातून कळवले तरी ती पाठवू नका. छायाचित्रांवर सगळे काम होते. लांब पात्याची शस्त्रे शस्त्र अधिनियम, १९५९च्या कक्षेत येतात, म्हणून परदेशातून तलवार आणण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. इथिओपियातून जुनी वस्तू बाहेर काढण्यासाठीही तिथल्या वारसाविषयक यंत्रणेची परवानगी लागते.

मुठीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मानाच्या इथिओपियन तलवारींच्या मुठी अनेकदा गेंड्याच्या शिंगाच्या असत. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराने १९७७ साली गेंड्याच्या सर्व प्रजातींना सर्वांत कडक परिशिष्टात घातले. त्यामुळे अशा मुठीची तलवार विकत घेणे, विकणे किंवा सीमेपार नेणे हे अडचणीचे होऊ शकते. बैलाचे किंवा म्हशीचे शिंग पदर पदर असल्यासारखे दिसते, तर गेंड्याचे शिंग केसांसारखे तंतू एकत्र दाबल्यासारखे असते आणि आडव्या छेदावर बारीक ठिपके दिसतात. शंका आल्यास वनविभागाला किंवा संग्रहालयाला विचारा. तापलेली सुई टोचून पाहण्याचा प्रयोग कदापि करू नका. त्याने मूठ कायमची खराब होते.

२. साधने आणि कागदपत्रे

साधने साधी आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, हातात धरून तिरपा प्रकाश पाडता येईल अशी बॅटरी, कापडी मोजपट्टी, जाडी मोजण्यासाठी व्हर्नियर, स्वयंपाकघरातला वजनकाटा, रबरी हातमोजे, ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल. कॅमेरा मोबाइलचा चालतो, पण छायाचित्रात मोजपट्टी आलीच पाहिजे.

कागदपत्रांत तलवार घरात कशी आली हे सांगणारे जे काही असेल ते सर्व गोळा करा. त्यात जुनी पावती, पत्रे, घरातील छायाचित्रे, पारपत्रावरचे शिक्के, जहाजाचे किंवा विमानाचे तिकीट असे काहीही येते. अभिलेखागारात जाण्यासाठी ओळखपत्र, विषय स्पष्ट करणारा अर्ज आणि शक्य असल्यास एखाद्या महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे शिफारसपत्र सोबत ठेवा.

यात पॉलिश मी मुद्दाम धरलेले नाही. तलवार हातात येताच मी पितळ चकचकीत करण्याचे द्रव्य घेऊन पाते घासले. मुठीजवळ व्यापाऱ्याचे नाव आम्लाने उथळ कोरलेले होते, त्याची सुरुवातीची अक्षरे त्या घासण्यात गेली आणि ती आता कोणालाही वाचता येणार नाहीत. हलक्या खनिज तेलाचा एक बोळा फिरवा आणि तिथेच थांबा.

३. तलवारीची जात ठरवा

इथिओपियन तलवारींचे ढोबळ तीन गट करता येतात. पहिली शोटेल: विळ्यासारखी खोल वाकलेली, दुधारी, ढालीला वळसा घालून मागच्या माणसापर्यंत पोहोचणारी. दुसरी गोराडे: घोडदळाच्या तलवारीसारखी बेताची वाकलेली, एकधारी. तिसऱ्या गटात सरळ पात्याच्या तलवारी येतात. या तिसऱ्या गटात सुदानची कास्कारा सहज मिसळते. ती सरळ, दुधारी आणि आडव्या परजेची (मूठ व पाते यांमधल्या आडव्या दांडीची) असते. सुदानी महदी सैन्य आणि इथिओपिया यांच्यात १८८९ साली मेतेम्मा येथे मोठी लढाई झाली आणि तीत सम्राट योहान्नेस चौथे मारले गेले. सरहद्दीवरची शस्त्रे अशा लढायांतून इकडची तिकडे झाली, म्हणून इथिओपियात मिळालेली प्रत्येक तलवार इथिओपियन समजू नये.

या वर्गीकरणाचा पुढच्या शोधाशी थेट संबंध आहे. शोटेलचे पाते स्थानिक लोहाराचे असण्याची शक्यता बरीच असते आणि तशा पात्यावर नाव शोधत बसणे बहुधा व्यर्थ ठरते. गोराडेचे पाते मात्र पुष्कळदा युरोपीय असते आणि त्यावर काही ना काही लिहिलेले सापडते.

४. ठसे शोधा आणि उतरवून घ्या

खोली अंधारी करा, पाते पांढऱ्या कापडावर ठेवा आणि बॅटरी जवळजवळ पात्याला टेकवून प्रकाश आडवा पाडा. समोरून दिसत नाही ते असे दिसते. पाहण्याच्या जागा चार: मुठीलगतचा पात्याचा सपाट भाग, दोन्ही बाजूंच्या लांबट खोबणी, पात्याची पाठ, आणि मुठीच्या टोकाला पाते जिथे बाहेर निघून ठोकलेले असते तो भाग. पाठ पाहायला बहुतेक जण विसरतात. फ्रेंच सरकारी कारखान्याची नोंद नेमकी तिथेच असते.

ठोकून उमटवलेला खोल ठसा आणि आम्लाने कोरलेला उथळ मजकूर यांतला फरक टिपून ठेवा. खोल ठसा सहसा पाते घडवणाऱ्याचा असतो, तर उथळ मजकूर राजाचा, मानकऱ्याचा किंवा विक्रेत्याचा असू शकतो. मूठ काढून आत पाहण्याचा मोह होईल, पण ती काढू नका. जुने शिंग तडकते आणि मूळ जोडणी गेली की पुरावाच जातो.

५. अम्हारिक मजकूर वाचा

अनेक गोराड्यांवर मुकुट घातलेला सिंह आणि त्याच्याभोवती गीझ या जुन्या इथिओपियन लिपीतील ओळ असते. ‘मोआ अन्बेसा झेइम्नेगेदे यिहुदा’ ही त्यातली नेहमीची ओळ असून, ‘यहूदाच्या वंशातील सिंह विजयी झाला आहे’ असा तिचा अर्थ आहे. हे राजघराण्याचे बिरुद आहे. मालकाचे किंवा कारागिराचे नाव म्हणून ते नोंदवण्याची चूक विक्रेतेसुद्धा करतात.

बिरुदानंतर ‘दाग्मावी’ हा शब्द आला तर त्याचा अर्थ ‘द्वितीय’, आणि पुढे मेनेलिकचे नाव असण्याची शक्यता मोठी. ‘कदामावी’ म्हणजे ‘प्रथम’, आणि तिथे हायले सेलासीचे नाव अपेक्षित धरावे. मेनेलिक द्वितीय १८८९ ते १९१३ सम्राट होते आणि हायले सेलासींचा राज्याभिषेक २ नोव्हेंबर १९३० रोजी झाला, म्हणजे एवढ्या एका शब्दावरून कालखंड ठरू शकतो.

मजकुरात साल असेल तर दोन गोष्टी सांभाळा. गीझ अंकांत शून्य नाही आणि शंभरासाठी स्वतंत्र चिन्ह आहे. दहा, आठ, शंभर, ऐंशी, नऊ अशी चिन्हे ओळीने आली तर ते साल १८८९ असे वाचायचे: अठरा शंभर आणि एकोणनव्वद. दुसरे असे की हे इथिओपियन पंचांगाचे साल आहे. शालिवाहन शकात आपण ७८ मिळवतो आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९, तसे इथे ७ आणि जानेवारीनंतर ८ मिळवावे लागतात, कारण तिथले वर्ष सप्टेंबरात सुरू होते. म्हणून इथिओपियन १८८९ म्हणजे सप्टेंबर १८९६ ते सप्टेंबर १८९७. माझ्या तलवारीचे साल मी सुरुवातीला इसवी सन समजलो आणि त्यामुळे चुकीच्या दशकातील व्यापाऱ्यांच्या याद्या चाळत बसलो.

६. पाते घडवणाऱ्यापर्यंत पोहोचा

पात्यावर ‘झोलिंगन’ एवढेच असेल तर तुम्हाला गाव सापडले आहे, कारागीर नाही. जर्मनीतल्या त्या एका गावात पाती घडवणारे कारखाने शेकड्यांनी होते. तिथला कारखाना ओळखावा लागतो तो चिन्हावरून. राजाचे मस्तक आणि शिरस्त्राणधारी योद्ध्याचे मस्तक अशी जोडी असेल तर ते वायर्सबर्ग आणि किर्शबाउम या दोन घराण्यांचे एकत्र चिन्ह आहे. या पेढ्या १८८३ साली एक झाल्या, म्हणून ही जोडी त्याआधीच्या पात्यावर येत नाही. तराजूचे चिन्ह अलेक्झांडर कोपेलच्या कारखान्याचे आणि खारीचे चिन्ह कार्ल आइकहॉर्नचे. चिन्हांचे काल बारकाईने तपासायचे असतील तर झोलिंगनच्या ग्रेफराथ भागातील जर्मन पाते-संग्रहालयाकडे विचारणा करावी.

फ्रेंच पात्याच्या पाठीवर वळणदार अक्षरांत शातेलरो या सरकारी कारखान्याचे नाव, महिना आणि साल कोरलेले असते. नावात ‘शाही’ या अर्थाचा ‘अँपेरियाल’ हा शब्द असेल तर ते तिसऱ्या नेपोलियनच्या काळातले, म्हणजे १८५२ ते १८७० मधले. इथे एक सापळा आहे. ही लष्करी पाती फ्रेंच सैन्याने टाकून दिल्यावर भंगाराच्या भावाने विकली जात आणि मग पूर्व आफ्रिकेत येत. पाठीवर १८६०च्या दशकातले साल असले तरी इथिओपियन तलवार म्हणून ती त्यानंतर वीस-तीस वर्षांनी जुळवलेली असू शकते. आल्सेसमधील क्लिंगेनथाल येथील ‘कुलो’ या पेढीचे नावही फ्रेंच पद्धतीच्या पात्यांवर भेटते. हे गाव १८७१ नंतर जर्मन साम्राज्यात गेले, हे ध्यानात ठेवावे.

लंडनच्या विल्किन्सन पेढीच्या चांगल्या पात्यांच्या पाठीवर क्रमांक असतो. तो आढळला तर पेढीच्या जुन्या विक्रीवह्यांतील नोंदीशी ताडून पाहता येतो आणि तारीख मिळण्याची आशा असते.

पात्यावर कोणताच ठसा नसेल आणि ठोकणीचे उंचसखल भाग हाताला लागत असतील, तर लोहार इथिओपियन असावा. त्याचे नाव न सापडण्यामागे दुःखद कारण आहे. उत्तर इथिओपियातील गोंदर परिसरात लोहारकाम बहुतांशी बेटा इस्रायल या यहुदी समाजाकडे होते, आणि लोहारांना ‘बुदा’, म्हणजे दृष्ट लावणारे, समजून समाज त्यांच्यापासून अंतर राखत असे. ज्याच्या हातचे शस्त्र हवे होते, त्याच्या सहीला मात्र किंमत नव्हती. अशा वेळी नोंदीत ‘अज्ञात’ एवढेच न लिहिता ‘स्थानिक लोहार, नाव नोंदलेले नाही’ असे लिहावे, एवढा आदर आपण त्यांना देऊ शकतो.

ठशावर एकट्याने विश्वास ठेवू नका. नावाजलेल्या ठशांची नक्कल ही शस्त्रव्यापारातली जुनी चाल आहे. पासाउ या जर्मन गावचा धावत्या लांडग्याचा ठसा झोलिंगनवाल्यांनी उचलला आणि पुढे कॉकेशसच्या लोहारांनीही तो कोरला. ठसा, पात्याची घडण आणि अम्हारिक मजकूर ही तिन्ही एकमेकांशी जुळली तरच निष्कर्ष काढावा.

७. व्यापाऱ्याचा माग काढा

हा टप्पा सर्वांत कष्टाचा आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे, कारण तलवारीचा प्रवास इथे दिसतो.

आधी मार्ग समजून घ्या. माल समुद्राने एडनला, तिथून तजुरा, ओबोक, झेला किंवा मसावा या बंदरांत, आणि पुढे उंटांच्या तांड्याने डोंगरात जाई. फ्रेंच कवी आर्थर रँबो कविता सोडून एडन आणि हरार येथे व्यापारात शिरले. मेनेलिकसाठी बंदुका घेऊन त्यांचा तांडा १८८६च्या ऑक्टोबरात तजुराहून निघाला, तो मेनेलिकच्या मुलखातील अन्कोबरला पोहोचायला १८८७चा फेब्रुवारी उजाडला. पुढे जिबूतीची रेल्वे १९०२ साली दिरे दावापर्यंत आणि १९१७ साली अदिस अबाबापर्यंत आली, तशा पेढ्याही सरकत गेल्या.

यावरून पात्यावरच्या गावाचे नाव तारखेचे काम करते. ‘अदिस अबाबा’ असेल तर १८८६ नंतरचे, कारण ते शहरच तेव्हा वसले. ‘दिरे दावा’ असेल तर १९०२ नंतरचे धरावे. पात्यावर ‘जर्मनी’ असे देशाचे नाव इंग्रजीत असेल तर ते ब्रिटनच्या १८८७च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतरचे असण्याचा संभव वाढतो. मात्र देशाचे नाव नाही म्हणून पाते त्याआधीचे, हा तर्क करू नये.

मग नावांकडे वळा. मेनेलिकच्या दरबाराभोवती स्विस अभियंते आल्फ्रेड इल्ग, फ्रेंच व्यापारी लेओं शेफ्नो आणि आर्मां साव्हुरे अशी माणसे वावरत होती. त्यांच्याबरोबर आर्मेनियन, ग्रीक आणि हिंदी व्यापारी होते. हिंदी व्यापाऱ्यांत मोहम्मदअली आणि कंपनी ही बोहरी पेढी सर्वांत मोठी. इटालियन राजवटीने १९३७ साली तिला देशाबाहेर काढले. अशी नावे रोमन लिपीत प्रत्येक ठिकाणी वेगळी लिहिलेली आढळतात. म्हणून शोधताना ‘मोहम्मद’ची निदान सहा स्पेलिंगे आणि ‘अली’ जोडून व तोडून, अशा सर्व शक्यता तपासा. एकाच स्पेलिंगवर अडून बसल्यामुळे हाताशी आलेली नोंद निसटते.

कागद कुठे पाहावेत? फ्रेंच व्यापारी निर्देशिका पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ब्रिटिश वकिलातींचे अहवाल लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. त्यामुळे एडनसंबंधीचा पत्रव्यवहार मुंबईत काळा घोडा येथे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य अभिलेखागारातही शोधता येतो. तिथे जाताना ‘इथिओपियन तलवारी’ अशी मागणी करू नका. त्या काळच्या दप्तरांत देशाचे नाव ‘ॲबिसिनिया’ आहे आणि विषय ‘एडन’, ‘शस्त्रव्यापार’, ‘सोमाली किनारा’ अशा शीर्षकांखाली विखुरलेला आहे. सालवार सूची मागवून ती शांतपणे चाळावी.

८. मूठ आणि म्यान वाचा

मुठीवर चांदीचे काम असेल तर ते पात्याच्या कारागिराचे नाही. मेनेलिकच्या काळात राजधानीत आर्मेनियन सोनारही काम करीत, म्हणून ‘चांदीकाम आहे म्हणजे कारागीर इथिओपियनच’ असे गृहीत धरू नये. म्यानाच्या कडा कुठे झिजल्या आहेत तेही पाहा, कारण इथिओपियन योद्धे तलवार उजव्या कमरेला बांधत आणि झिजेची बाजू त्यानुसार येते. म्यान पात्याच्या वळणाशी जुळत नसेल तर ते दुसऱ्या तलवारीचे आहे, आणि असे पुष्कळ वेळा होते.

९. कहाण्या तपासून घ्या

विक्रेत्यांच्या आवडत्या कहाण्या दोन आहेत. पहिली मगदाला या इथिओपियन गडाची. रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली १८६८ साली जी ब्रिटिश फौज इथिओपियाच्या सम्राट तेवोद्रोसवर चालून गेली तिची जमवाजमव मुंबईहून झाली होती, तीत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, आणि १३ एप्रिलला गड पडल्यावर मोठी लूट झाली. म्हणून पश्चिम भारतात सापडलेल्या तलवारीला ‘मगदालाची’ म्हणणे सोपे जाते. पण पात्यावर सम्राट मेनेलिकचे नाव असेल, किंवा १८८३ नंतरचे चिन्ह असेल, तर ती कहाणी तिथेच संपते.

दुसरी कहाणी अदवाची. १ मार्च १८९६ला तिथे इथिओपियाने इटलीवर मिळवलेल्या विजयानंतर इटालियन शस्त्रे इथिओपियनांच्या हाती पडली हे खरे. परंतु दोन्ही देशांतल्या १८८९च्या वुचाले तहाच्या सुमारास इटलीने मेनेलिकला शस्त्रे पुरवली होती आणि १९३५ पासून १९४१ पर्यंतच्या आक्रमणात आणखी शस्त्रे आली. नुसते इटालियन पाते म्हणजे अदवाची लूट नव्हे.

१०. पत्र लिहा आणि नोंद ठेवा

संग्रहालयाला लिहिताना एका पत्रात एकच प्रश्न विचारावा. ‘या तलवारीबद्दल काय सांगाल?’ याला उत्तर येत नाही. ‘हे चिन्ह कोणत्या कारखान्याचे आणि कोणत्या वर्षांतले?’ याला येते. सोबत मोजमापे, वजन, चार छायाचित्रे आणि ट्रेसिंग जोडा. तलवारीची किंमत विचारू नका, संग्रहालये ती सांगत नाहीत.

नोंद चार रकान्यांत ठेवा: पाते, कोरलेला मजकूर, व्यापारी, मूठ-म्यान. प्रत्येक रकान्यात निष्कर्षाशेजारी पुरावा लिहा आणि तो पक्का आहे की अंदाज, हेही लिहा. माझ्या नोंदीत पात्यापुढे ‘झोलिंगन, राजा आणि योद्धा, १८८३ नंतर, पक्के’ असे आहे. मजकुरापुढे ‘मेनेलिक द्वितीय, पक्के’ आहे. मूठ म्हशीच्या शिंगाची निघाली. व्यापाऱ्याच्या रकान्यात अर्धे उरलेले नाव आणि ‘अदिस अबाबा’ एवढेच आहे, आणि मागच्या महिन्यात वडिलांच्या ट्रंकेत सापडलेली एक अम्हारिक पावती वाचून घेण्यासाठी तिचे छायाचित्र मी अदिस अबाबा विद्यापीठाच्या इथिओपियन अध्ययन संस्थेकडे पाठवले आहे.